आठ किलोंत रतनगड ते हरिश्चंद्रगड

रतनगडाच्या लोखंडी शिडीवर सॅक मागे ओढायला लागली की दोन्ही हात गजांना चिकटून बसतात. सहा वर्षांपूर्वी माझं तसंच झालं होतं. पाठीवर १४ किलो होते: तंबू, दोन जाड जर्किनं, जीन्स, डबाबंद खाऊ. वर पोहोचेपर्यंत मांड्या थरथरत होत्या. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसलो, पण समोरचं काही नीट पाहिलंच नाही. ती रुखरुख मनात राहिली होती.

या जानेवारीत रतनवाडी, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड असा बेत ठरला, तेव्हा घरचा काटा काढून एकेक वस्तू तोलली. दोन्ही मुक्काम गावांत करायचे ठरवलं आणि तंबू तिथेच सुटला. मग कपडे. अंगावरचा एक जोड आणि एक कोरडा, तोही फक्त झोपताना घालायचा. जीन्स घरीच, ती भिजली की दिवसभर वाळत नाही. स्टोव्ह एका सोबत्याकडे, पातेलं दुसऱ्याकडे, औषधं माझ्याकडे. खिचडीचे डाळ-तांदूळ माणशी १०० ग्रॅम, घरीच भाजून मसाला-मीठ लावून पिशवीत भरलेले. आणि संक्रांतीच्या गुळपोळ्या! सह्याद्रीत हिवाळ्यात फिरताना मला याहून चांगलं खाणं माहीत नाही. टिकतात, चुरा झाला तरी खाता येतो आणि चढावर अर्धी पोळी पुरते.

सगळं भरून सॅक आठ किलो. त्यातले तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी.

पाण्यात मात्र मी काटकसर करत नाही. हलकं जायच्या नादात एकच बाटली घेऊन निघालेली मुलं पाहिली की जीव कासावीस होतो. पावसाळ्यात इथे पाऊल टाकाल तिथे ओढा असतो, पण काळ्या कातळावरून पाणी वाहून जातं आणि थंडी सरता सरता कितीतरी ओढ्यांत नुसते दगड उरतात. कात्राबाईच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा माझी दुसरी बाटली संपत आली होती आणि कुमशेत अजून बरंच खाली होतं.

कुमशेतला ज्यांच्या पडवीत उतरलो त्या मावशी सॅककडे बघून म्हणाल्या, "एवढाच पसारा? मग रात्री पांघराल काय?" झोपायची पिशवी दाखवली तरी त्यांनी गोधडी आणून टाकलीच. रात्री तीही अंगावर घेतली. चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, खिचडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाचनईहून गड चढताना पाय मोकळे होते. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली, मग कोकणकड्यावर पालथं पडून तासभर खालच्या दरीकडे बघत राहिलो. या वेळी पाहायला ताकद उरली होती.

घरी आल्यावर नेहमीसारखे दोन ढीग केले, वापरलेलं आणि न वापरलेलं. दुसऱ्यात औषधांची पिशवी, जास्तीचा टॉर्च आणि एक पुस्तक. पुस्तक पुढच्या वेळी येणार नाही. औषधं आणि टॉर्च पुन्हा सॅकमध्ये ठेवून दिले.