दहा पौंडांत वाचलेले घर

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात, ककमिअर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन नावाचे गाव आहे. तेथील सेंट अँड्र्यू चर्चजवळचे, गवताने शाकारलेले चौदाव्या शतकातील घर ‘आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस’ या नावाने ओळखले जाते. ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने १८९६ साली ते अवघ्या १० पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने खरेदी केलेली ही पहिलीच इमारत. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील कुडाच्या भिंतींची घरे पाहत वाढलेल्या मला या घराविषयी विशेष आस्था वाटते, कारण ते कोणा राजाचे वा सरदाराचे नव्हते. एखाद्या सधन शेतकऱ्यासाठी ते बांधले गेले असावे.

या धाटणीच्या घरांना ‘वील्डन हॉल हाऊस’ म्हणतात. मध्यभागी जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळे दालन आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुमजली खोल्या, अशी त्यांची मांडणी असते. वरच्या मजल्यावरील खोल्या दर्शनी बाजूस थोड्या पुढे काढलेल्या असतात, छपराची कड मात्र एका सरळ रेषेत जाते; त्यामुळे मधले दालन आत सरकल्यासारखे दिसते आणि त्याच्यासमोरची वळचण पेलण्यासाठी वाकदार लाकडी तीर द्यावे लागतात. धुराडे मुळात नव्हतेच. दालनाच्या जमिनीवर उघडा जाळ पेटत असे आणि धूर छपरातून वाट काढी. घराचा सारा भार ओकच्या सांगाड्यावर असतो. त्या काळी हे लाकूड ओले असतानाच तासून लाकडी खुंट्यांनी जोडत, आणि ते वाळत जाई तसतसे सांधे अधिक घट्ट आवळले जात. खांबांमधल्या जागेत काटक्यांची वीण भरून तिच्यावर माती लिंपलेली असते, म्हणजे आपला कूडच.

मला सर्वांत मोह पडतो तो तिथल्या भुईचा. मऊ पांढरी चुनखडी कुटून ती केलेली आहे आणि आंबट दूध घालून तिचा पृष्ठभाग बसवलेला आहे. आपल्याकडे शेणाचे सारवण धूळ धरून ठेवते, तेच काम तेथे दूध करते.

एकोणिसाव्या शतकात हे घर मोडकळीस आले. १८८२ चा प्राचीन स्मारकांचा इंग्रजी कायदा होता, पण त्याचा रोख प्रागैतिहासिक अवशेषांवर होता आणि राहत्या घरांना त्यात थारा नव्हता. तेव्हा ते विकत घेणे हाच उपाय उरला. गावचे धर्मगुरू बेनन यांनी धडपड केली आणि १८९५ साली स्थापन झालेल्या ट्रस्टच्या संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी ते काम मनावर घेतले. दुरुस्ती वास्तुरचनाकार आल्फ्रेड पॉवेल यांच्याकडे गेली. जुने उतरवून नवे चढवायचे नाही, कुजले असेल तेवढेच बदलायचे, हा विचार विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या जतनासाठी १८७७ साली स्थापन केलेल्या संस्थेने इंग्लंडात रुजवला होता. पुढे १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपली मालमत्ता कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार मिळाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर जतन करण्याजोग्या इमारतींची श्रेणीवार नोंद सुरू झाली. माझ्या मते या दोन्ही गोष्टींचे मोल त्या १० पौंडांपेक्षा मोठे आहे, कारण एका पिढीच्या उत्साहावर घर सोडून देता येत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण बेळगावातल्याच शहापूर भागाच्या जुन्या गल्ल्यांतील किंवा खानापूरकडच्या खेड्यांतील मातीच्या, कौलारू घरांकडे स्मारक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. ही घरे पडण्याआधी त्यांचे सोपा, माजघर, माळा, परडे मोजून नकाशे काढावेत असे मला फार वाटते. आणि त्याहीआधी कूड विणणाऱ्या, भिंत लिंपणाऱ्या जुन्या माणसांकडून मातीत काय, किती आणि कोणत्या हंगामात मिसळायचे, हे सविस्तर लिहून घ्यावे. आल्फ्रिस्टनला कुजलेला भाग तेवढाच बदलता आला, तो ते काम जाणणारे हात मिळाले म्हणून.