साइजोची साके: हिरोशिमाला गेलात तर अर्धा दिवस राखून ठेवा

हिरोशिमाला जाणारे आपले लोक शांतता स्मारक आणि मियाजिमा बघतात आणि क्योतोची गाडी पकडतात. माझा आग्रह आहे की मध्ये अर्धा दिवस साइजोला द्या; साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, बनवणारं हे गाव. हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या लोकल गाडीने साधारण चाळीस मिनिटं लागतात. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जाऊ नका; तिचं हिगाशी-हिरोशिमा स्टेशन या गल्ल्यांपासून लांब आहे. साइजो स्टेशनातून बाहेर पडलं की काही मिनिटांतच लाल विटांची धुराडी दिसू लागतात. प्रत्येकावर आपापल्या कारखान्याचं नाव रंगवलेलं. साकेचे सातेक कारखाने, सगळे चालत फिरता येतील असे.

मला सर्वांत आवडला तो कामोइझुमी. १९१२ पासून माएगाकी कुटुंबाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाच्या टंचाईमुळे साकेत बाहेरून अल्कोहोल मिसळायची पद्धत सर्वत्र रुळली होती. अशा काळात नुसता तांदूळ, कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि पाणी यांच्या 'जुनमाई'कडे जे आधी वळले, त्यांत हे घर होतं. त्यांची साके कोळशाने गाळून रंगहीन करत नाहीत, म्हणून पेल्यात तिला फिकट सोनेरी झाक दिसते.

आपल्याकडे महाग म्हणजे उत्तम असं धरून लोक थेट 'दाइगिंजो' मागतात. तिच्यासाठी तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवतात. वास फळांसारखा, चव नाजूक, आणि ती थंडच प्यावी. पण कामोइझुमीची जुनमाई गरम करून मागवा. तांदळाची गोडी, किंचित आळंबीसारखा वास आणि मागून येणारा हलका आंबटपणा ऊब मिळाल्यावरच कळतो. माझ्या मते या गावाला येण्याचं खरं कारण हेच. सोबत 'बिशुनाबे' खा: मांस आणि भाज्या साकेत शिजवतात, मसाला म्हणजे मीठ-मिरपूड. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं.

साके मुख्यतः हिवाळ्यात बनते. आत जाऊन काम बघायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि त्या दिवशी नाश्त्याला नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खाऊ नका. त्यातले जिवाणू कोजीच्या खोलीत शिरले तर कोजी बिघडते, म्हणून कारागीर याबाबत फार काटेकोर असतात. ऑक्टोबरात इथे साके महोत्सव भरतो, पण तेव्हा गर्दी इतकी की निवांत गप्पा होत नाहीत. चव घेण्याच्या जागा सगळ्याच रोज उघड्या नसतात, वेळा तपासूनच निघा. वीस वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही. भाड्याची मोटार असेल तर चालवणाऱ्याने घोटभरही घेऊ नये. सोबत बसणाऱ्यांनाही शिक्षा होऊ शकते.

बऱ्याच कारखान्यांच्या दारात विहिरीचं पाणी पिण्यासाठी खुलं आहे. रिकामी बाटली जवळ ठेवा, आणि साके चाखण्याआधी ते पाणी नक्की चाखा.

भारतात माणशी दोन लिटर दारू बिनजकात आणता येते, म्हणजे ७२० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात टाका. 'नामा' लिहिलेली, म्हणजे जंतू मारण्यासाठी न तापवलेली साके घेऊ नका. तिला सतत फ्रिज लागतो आणि एवढ्या प्रवासात ती उतरते. जुनमाई मात्र नीट पोचते. घरी बाटली गरम पाण्यात उभी करून कोमट करा, आणि एकदा उघडली की फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.