सुटलं तर कुठं जाईल?

आमच्या बॅचमधला कर्नल यंदा गेला. शोकसभेत सगळे सीमेवरच्या नोकरीबद्दल बोलले. तिथं तो काय करायचा ते मला ठाऊक नाही, त्यानं कधी सांगितलंही नाही. मला ठाऊक आहे तो त्याच्या रजेतला एक दिवस. 20 वर्षं झाली असतील. तेव्हा तो मेजर होता, आणि रोपलावणीसाठी खानापूरकडच्या गावी आला होता.

आम्ही इंजिनिअरिंगचे, 1992 चे. व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ बेळगावात आलं 1998 ला, त्यामुळं आमची डिग्री धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. तो बंगळूरला एसएसबीचे, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीचे, पाच दिवस काढून आला, मग मद्रासची ओटीए ही प्रशिक्षण अकादमी, पुढं इंजिनिअर्स कोअर आणि दापोडीचं सीएमई, म्हणजे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांत मशीन बसवायच्या कामात राहिलो.

त्या दिवशी एका शेडमध्ये जुनी 100 टनी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबायचं-कापायचं मशीन, बसवायची होती. 100 टन हा दाबायचा जोर, वजन नव्हे. वजन 6.5 टन, उंची 9 फूट, तळ जेमतेम 4 फुटांचा. त्यात सी-फ्रेम, म्हणजे फ्लायव्हील, क्रँक, मोटर सगळं डोक्यावर. हायड्रा क्रेननं ट्रकातून उतरवून ती रस्त्याकडेला लाकडी स्लीपरांवर ठेवली आणि तिथंच काम अडलं. शेडच्या दारात हायड्राचा बूम मावेना. रस्ता आणि दार यांच्यामध्ये 5 फुटी गटार, त्यावरचा स्लॅब चिरलेला. वजनासकट हायड्रा त्यावर घातला असता तर क्रेन आणि प्रेस दोन्ही गटारात. वरून जुलैचा पाऊस. फाउंडेशन आत 40 फुटांवर तयार होतं.

तो मला भेटायला म्हणून आला होता. छत्री मिटवून आधी प्रेसभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे सुटलं तर कुठं जाईल?"

खलाशांचा, म्हणजे अवजड मशीन हलवणाऱ्या गड्यांचा, मुकादम म्हणाला, "सुटत नाही की साहेब."

"ते खरं. पण सुटलं तर?"

पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. रस्त्याच्या कडेपासून दाराच्या आतपर्यंत 20 फुटांत 9 इंच उतार निघाला, सुमारे सत्तावीसास एक. 6.5 टनांना असा उतार 240 किलोच्या जोरानं पुढं ओढतो. लोखंडी रुळावर लोखंडी रोलर असले तर अडवणारा जोर वजनाच्या तीनेक टक्के, म्हणजे 200 किलोच्या आसपास. एकदा हलली की प्रेस आपल्या पायानं चालत आतल्या लेथवर जाणार. आम्ही पुढून ओढायची तयारी केली होती, मागून धरायची नव्हती.

रूळ सपाट करावा असं मी सुचवलं. त्यानं नको म्हटलं, कारण रूळ, रोलर आणि स्किड, म्हणजे प्रेसखालचं सरकतं बूड, मिळून दीड फुटाची उंची आधीच होणार होती. सपाट केलं तर आणखी 9 इंच जॅकवर उतरवावे लागले असते. डोकं जड असलेलं मशीन रोलरवर चालवण्यापेक्षा जॅकवर उतरवणं जास्त धोक्याचं. उतार दोरानं धरता येतो, कलंडलेली प्रेस धरता येत नाही.

मग डोकं हलकं करायला घेतलं. मोटर आणि फ्लायव्हील उतरवलं. रॅम, म्हणजे वरखाली होणारा भाग, अगदी खाली आणून बोल्स्टरवरच्या, म्हणजे खालच्या टेबलावरच्या, लाकडी ठोकळ्यावर टेकवला. प्रेसच्या तळाखाली 200 एमएम उंचीच्या दोन गर्डरांचं 4 मीटर लांब स्किड घालून पायाच्या भोकांतून 24 एमएमच्या बोल्टांनी आवळलं. स्किडला दोन आडवी चॅनेलं दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर काढून जोडली. त्यांच्याखाली बाजूनं स्लीपरांचे थर, मध्ये इंचभर फट. प्रेस कललीच तर इंचानंतर चॅनेल स्लीपरवर टेकणार. 9 फुटी स्लीपर लांबीनं टाकल्यामुळं गटारावरही हा आधार तुटला नाही. माथ्यावरून ओळंबा सोडला, त्याच्या टोकाखाली खडूची खूण केली.

रुळालाही 200 चेच गर्डर, 6 मीटरचे, एकेक नग दीडशे किलोचा. चिरलेला स्लॅब सोडून पक्क्या बांधापासून पक्क्या बांधापर्यंत अंतर 2 मीटरचं. त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. अर्धी प्रेस एका गर्डरच्या बरोबर मध्यावर उभी धरली तरी ताण 75 मेगापास्कलच्या आत, चालतो त्याच्या निम्म्याहून कमी. गर्डर पलीकडं न्यायला गटारात कुणी उतरायचं नाही असं सांगितलं. अलीकडंच रोलरवर ठेवून पुढं ढकलला, 2 मीटर पुढं गेला तरी 4 मीटर मागं, त्यामुळं टोक झुकायचा प्रश्नच नाही.

तिथं तो थोडा खुलला. बेली पूलही असाच ढकलतात म्हणाला. 10 फुटी पॅनेल, एकेक 260 किलोच्या आसपास, सहा जणांनी आडव्या दांड्यांवर उचलायचं. पिनांनी पॅनेलाला पॅनेल जोडत जायचं आणि सगळा सांगाडा रोलरवरून दरीवर ढकलायचा. पुढं बिनफळीचं हलकं नाक जोडायचं. नाक पलीकडं टेकेपर्यंत तोल मागच्या काठावर राहिला पाहिजे. 2024 मध्ये वायनाडला लष्कराच्या मद्रास सॅपर्स या इंजिनिअर दलानं 190 फुटी, 24 टन भार पेलणारा बेली पूल 31 तासांत उभा केला. त्यात पारनेरकडच्या मेजर सीता शेळके यांचं नाव गाजलं, तेव्हा मी त्याला फोन केला होता. अभिमान वगैरे राहिला बाजूला, त्यानं "नाक किती लांब ठेवलं असेल रे?" एवढंच विचारलं.

रोलरला 50 एमएमचे भरीव गज घेतले, सगळे एकाच जाडीचे. दोन जाडींचे मिसळले तर वजन जाड्या गजांवरच येतं आणि स्किड तिरकं पळतं. पाइप चालत नाहीत, दबून अंडाकृती होतात आणि अडकतात. स्किडचा गर्डर बरोबर रुळाच्या गर्डरवर यायला हवा, नाहीतर गज मध्येच वाकतो.

पुढचा दोर खलाशी शेडच्या खांबाला बांधायला निघाले. त्यानं अडवलं. खांब वजन वरून खाली घेतो, आडवा ओढला तर छत खाली येईल. दोर पलीकडच्या जुन्या फाउंडेशनच्या बोल्टांना गेला. मागचा टिरफॉर, म्हणजे लिव्हरनं तारेचा दोर ओढायचं-सोडायचं साधन, रस्त्यावरच्या कास्टिंगनं भरलेल्या ट्रकच्या चासीला, चाकांना पाचरी लावून. निम्मे गडी मराठी, निम्मे कन्नड. एक "थांब" ओरडणार, दुसरा "निल्लु", म्हणून शिट्टी ठरली. चला म्हणणारा एकच माणूस. शिट्टी मात्र सगळ्यांच्या गळ्यात.

साडेदहाला सुरुवात झाली. गटाराच्या मधोमध आल्यावर पुढचा रोलर अडला. रुळावर वेल्डचा एक थेंब ग्राइंड करायचा राहिला होता. पुढच्यानं लिव्हर जोरात मारला. मागच्याला वाटलं प्रेस चालली, त्यानं दोन-तीन ठोके ढील दिली. रोलर थेंबावरून उसळला आणि प्रेस 4 इंच धावली. मागचा दोर ताठ झाला तेव्हा तारेतून आवाज आला. ओळंबा खुणेपासून दीड इंच झुलला, डाव्या चॅनेलानं स्लीपरला टेकून खट्ट केलं. शिट्टी वाजवली ती चहावाल्या पोरानं, त्याच्याही गळ्यात होती.

मेजर कुणावर रागावला नाही. पाच मिनिटं सगळ्यांना हात काढून उभं केलं. मग पद्धत बदलली. मागचा दोर कधीच सैल नाही, पुढच्यानं "एक" म्हटल्यावरच मागच्यानं एक ठोका सोडायचा. स्किडच्या पुढं वीतभर अंतरावर लांब फळीच्या टोकाला बसवलेली पाचर सरकवत न्यायची, हातानं नाही. रोलर तिरका झाला की त्याच्या टोकावर घण मारून सरळ करायचा, पण स्किड उभं असताना. मागून निघालेला गज टोकांना धरून पुढं आणायचा. पुढचं अंतर तीन तासांत कटलं, कंटाळवाणं, आणि तसंच हवं होतं.

उतरवायला रात्रीचे 8 वाजले. एका बाजूला दोन टो-जॅक, एकेक इंच उतरवायचं, आणि जॅक खाली यायच्या आधी खाली फळी. जॅकवर वजन ठेवून चहा प्यायला जायचं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. लेव्हलिंग, ग्राउट वगैरे नेहमीचं, ते दुसऱ्या दिवशी आम्ही केलं.

जाताना त्यानं रोलर मोजले, सात होते, सातही भरले. मग मोटरसायकलला किक मारून पावसात गावी गेला. पंधरा दिवसांनी पोस्टिंगवरून एसटीडीवर फोन आला.

"प्रेस चालू झाली?"

"झाली की."

"पहिल्या पाळीनंतर बोल्ट परत आवळलास?"

नव्हते आवळले. पान्यानं अर्धा फेरा गेले.