गाडीची शेड आत्ता, सोलर नंतर: माझा अनुभव

नाशिकच्या आमच्या घरापुढे गाडीसाठी शेड करायचं ठरलं, तेव्हा सोलरचे पैसे हातात नव्हते. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान मिळतं, तरी वरची रक्कम आपल्यालाच घालावी लागते. शेड मात्र पुन्हा पुन्हा होत नाही. म्हणून पॅनेल बसणारच असं धरून आखणी केली.

माप काढल्यावर हुरूप आला. ५५० वॉटचं पॅनेल साधारण सव्वादोन मीटर लांब, १.१३ मीटर रुंद. तीन-तीनच्या दोन रांगा लावल्या, तर एका गाडीच्या शेडवर घरापुरते तीन किलोवॉट मावतात!

फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, दोन बाय दोनचे पाइप, फूटभर खड्डा, झालं. पॅनेलचं वजन ते किती?" वजनाचं त्याचं बरोबर होतं. एक पॅनेल २८ किलोच्या आसपास, सहा मिळून पावणेदोनशेही भरत नाहीत. मला धास्ती वाऱ्याची होती, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना गाठलं. बांधकामावर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो. मोकळ्या शेडखाली तो शिरला की छप्पर वर उचलतो. खांब खचतील ही भीती नव्हतीच, उपटून निघतील ही होती! मॅडमनी चार फूट खोल आरसीसी फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा पाया, आणि खांब त्यावर पक्का करणारी जाड बेस प्लेट दिली. फॅब्रिकेटर कुरकुरला, पण काम चोख केलं.

उतार दक्षिणेकडे, दहा अंश. वीसच्या आसपास ठेवला असता तर वीज थोडी जास्त मिळाली असती, पण उंची वाढते आणि वाराही जास्त अडतो. सध्या वर पत्रा आहे. पुढे पॅनेल त्याच्यावर अर्धा फूट उंच बसतील, कारण खालून हवा खेळली नाही तर ती तापतात आणि पॅनेलचं तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दर अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्यानं घटतं.

सावली डिसेंबरातच बघावी. नाशिकला तेव्हा भर दुपारीसुद्धा सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, सकाळी तर कितीतरी लांब. शेजारच्या काकांचा नारळ पाहून शेड चार फूट पश्चिमेला सरकवली.

पेव्हर ब्लॉक बसण्याआधी मीटरपर्यंत दोन पीव्हीसी पाइप पुरले, एक सोलरच्या वायरींसाठी, दुसरा उद्या गाडीचा चार्जर आला तर. पुढे वायर ओढून घेता यावी म्हणून दोन्हींत नायलॉनची दोरी ओवून ठेवली. अर्थिंगच्या तीन खड्ड्यांच्या जागाही मोकळ्या सोडल्या: डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा. सगळ्याचे टेप लावून फोटो काढले आणि मॅडमच्या ड्रॉइंगसोबत घराच्या फाइलला लावले. पॅनेल बसवणाऱ्याला तीच फाइल द्यायची आहे.