पालेख: झारची समिती आणि एक चित्रकारांचं गाव

रशियातल्या इवानोवो शहराहून बसने पालेखला गेलो. गाव छोटंसं, पण १७७४ सालचं पवित्र क्रॉसचं चर्च लांबूनच दिसतं. गेली काही शतकं या गावाचा धंदा एकच होता: ‘इकोना’, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेली येशू, मेरी आणि संतांची पूजाचित्रं.

फळीवर आधी कापड चिकटवायचं, त्यावर खडू आणि सरसाचे थर द्यायचे, मग अंड्याच्या बलकात खललेले रंग, वर जवसाच्या तेलाचा लेप. एकजण वस्त्रं, डोंगर, इमारती काढायचा, चेहरे दुसरा. जवळच्या खोलुईत तर अशी स्वस्त चित्रं लाखोंनी होत. मग मॉस्कोत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या झाको आणि बोनाकेर कंपनीने पत्र्यावर इकोना छापायला घेतल्या, आणि हातांचं काम जायला लागलं.

१९०१ मध्ये झार निकोलाय दुसरा याने रशियन इकोना-चित्रकलेच्या रक्षणासाठी समिती नेमली. अध्यक्ष काउंट शेरेमेतेव, पण खरा आधार कलेतिहासकार निकोदिम कोंदाकोव. हा माणूस मला फार मोठा वाटतो. तो स्वतः या गावांत फिरला होता, कारागिरांची हलाखी त्याने पाहिली होती. समितीने पालेख, म्स्त्योरा, खोलुई आणि कुर्स्क प्रांतातलं बोरिसोव्का इथे शिक्षणाच्या कार्यशाळा काढल्या. मुलांना रीतसर रेखाटन शिकवलं. जुन्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, विक्रीचीही सोय केली. पत्र्याच्या इकोनांवर बंदी आणायचाही प्रयत्न झाला, पण तो फसला. गरिबाला स्वस्त चित्र हवंच असतं, ते हुकुमाने थांबत नाही. शिक्षणाचा मार्ग मात्र बरोबर होता.

क्रांतीनंतर समिती संपली, इकोनांचं गिऱ्हाईकही गेलं. तरी १९२४ मध्ये इवान गोलिकोव आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘प्राचीन चित्रकलेची’ सहकारी संस्था उभारली. कागदाच्या लगद्याच्या काळ्या लाखी डब्यांवर त्यांनी त्याच बलकाच्या रंगांनी लोककथा आणि त्रोइका, म्हणजे तीन घोड्यांच्या गाड्या, रंगवल्या. संग्रहालयात या डब्या बघताना मी बराच वेळ एका घोड्याच्या मानेपाशी थांबलो. ती वळणदार, सोनेरी रेघ संतांच्या वस्त्रांवरची आहे.

आज इथल्या कार्यशाळांत पुन्हा इकोना रंगवल्या जातात. पालेखला जाणार असाल तर आधी इकोना बघा, मग डब्या, आणि गोलिकोव यांच्या घराचं संग्रहालय चुकवू नका.