तुम्ही विचारलंत म्हणून: फायरप्रूफ तिजोरी घेतली की झालं ना?

प्रदर्शनात फ्रेमसमोर, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेदहाला फोनवर, हा प्रश्न येतोच. “टपाल तिकिटांसाठी फायरप्रूफ तिजोरी घेऊ का? कुठली घेऊ?” पहिल्याचं उत्तर मिळायच्या आत दुसरा विचारून झालेला असतो. म्हणजे घ्यायचं ठरलंय, माझा फक्त होकार हवाय. बरीच वर्षं तो मी दिलाही. आता देत नाही, आणि ‘घेऊ नका’ असंही म्हणत नाही, म्हणून लोक वैतागतात. तर एकदा काय ते सविस्तर.

कागदासाठीच्या तिजोरीचा जो प्रचलित दर्जा आहे, यूएल ७२ (अमेरिकेच्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजची आगीची चाचणी) मधला क्लास ३५०, तो काय हमी देतो ते कुणी वाचत नाही. बाहेर आग असताना ठरलेला वेळ, समजा एक तास, आतलं तापमान ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १७७ सेल्सिअसच्या वर जाणार नाही. कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेट घेतो, तेव्हा १७७ला तो वाचतो. पिवळा पडेल, कडक होईल, पण खरेदीखत वाचता येईल. हा दर्जा खरेदीखतासाठीच आहे. आतल्या दमटपणाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आणि ही तिजोरी आग अडवते ती पाण्यानेच. भिंतीत जिप्समसारखं भरण असतं. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं; तापलं की ते सुटतं, वाफ होते आणि ती वाफ उष्णता खाऊन टाकते. ३० किलो जिप्सम असेल तर सहा किलोंहून जास्त पाणी झालं. त्यातली बरीच वाफ आतही येते. म्हणजे आग विझल्यावर तिजोरीत तुमचा मिंट ब्लॉक, म्हणजे न वापरलेल्या, मागचा डिंक शाबूत असलेल्या जोडतिकिटांचा तुकडा, जळालेला नसतो, उकडलेला असतो. मोदकपात्रात डिंक लावलेलं तिकीट ठेवून बघा, काय होतं ते कळेल.

त्यातून तुम्ही तिकिटं ठेवता कशात? पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात. चांगलंच प्लास्टिक आहे, मीही तेच सांगतो. पण ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. पॉलिथिलीन त्याच्याही आधी, १०५ ते १३० मध्ये. तिजोरी आपलं वचन तंतोतंत पाळून १७७वर थांबली, तरी पाकीट तिकिटावर वितळून बसलेलं असेल. टिकतं ते पॉलिएस्टर, ज्याला आपण मायलर म्हणतो. ते अडीचशेच्या पुढे वितळतं. पीव्हीसीचं तर नावच काढू नका, आगीशिवायही. त्यातलं मऊ करणारं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर येतं आणि शाई उचलतं. पाकीट पीव्हीसीचं आहे का हे कळत नसेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून लाल तापवा, पाकिटाच्या एका तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे, पाकीट टाकून द्या. हे गच्चीत करा, वास वाईट असतो.

आता ज्या एका स्टॉकबुकामुळे (तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) माझा होकार बंद झाला, त्याबद्दल. १९४८च्या गांधी संचातला बारा आण्यांचा चारचा ब्लॉक, हिंज, म्हणजे वहीत चिकटवायची कागदी पट्टी, कधी न लागलेला, मागचा डिंक शाबूत. त्याच पानांवर नाशिकला छापलेली १९४९ची पुरातत्त्व मालिका. चाळीस लिटरची कोरी करकरीत तिजोरी, तिच्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर, सहा स्टॉकबुकं आडवी एकावर एक ठेवली. वर सिलिका जेलच्या पाच-पाच ग्रॅमच्या चार पुड्या. दार लावलं, ते गणपती झाल्यावर उघडलं. आतून कुबट वास. पानांना लाटा आलेल्या. आतलं आर्द्रतामापक ८४ दाखवत होतं, बाहेर खोलीत ७८. चारचा ब्लॉक ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पट्टीला आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला. पुरातत्त्व मालिकेच्या दातऱ्यांवर तपकिरी ठिपके, म्हणजे टोनिंगची, कागद डागाळण्याची, सुरुवात.

का झालं, हे समजायला हिशेब करावा लागतो, आणि तो मी आधी केला नव्हता. तीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं. ८० टक्के आर्द्रतेला २४ ग्रॅम. म्हणजे चाळीस लिटरच्या तिजोरीतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी किती, तर एक ग्रॅमही नाही. एवढं शोषायला एक पुडी पुरे, असं वाटतं आणि इथेच फसायला होतं. पाणी हवेत नसतं, कागदात असतं. ५० टक्के आर्द्रतेत कागद वजनाच्या सहा-सात टक्के पाणी धरतो, ८० टक्क्यांना दहा-अकरा. सहा स्टॉकबुकं मिळून पाच किलो धरली तर फरक झाला २०० ग्रॅमचा. जवळजवळ कपभर पाणी! सादळलेल्या पापडांचा डबा घट्ट लावला म्हणून पापड कुरकुरीत होत नाहीत. चार पुड्यांनी फार तर सात-आठ ग्रॅम शोषलं असेल.

बाकीच्या चुका त्यावर चढत गेल्या. नव्या तिजोरीच्या भरणात घडणीच्या वेळचं मोकळं पाणी शिल्लक असतं, ते महिनोन् महिने थोडंथोडं बाहेर येतं. दार जितकं घट्ट तितकं ते आतच कोंडतं. पुस्तकं आडवी, म्हणजे खालच्या पानांवर वरच्या पाचांचा भार. डिंक ओलसर आणि त्यावर दाब, तो चिकटणारच. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशीला आमंत्रणच लागत नाही.

सोडवायचं कसं, हेही विचारता. आधी फ्रीजर. पान झिपच्या पिशवीत हवा काढून चोवीस तास. डिंक कडक होतो, कागदापासून सुटू लागतो. बाहेर काढल्यावर दोनेक मिनिटांतच बोथट, सपाट चिमट्याने उचलायचं, कारण गार कागदावर दव धरायला लागतं आणि दव धरलं की पहिल्यापेक्षा वाईट. अशाने पुरातत्त्व मालिकेतली काही तिकिटं सुटली. गांधी ब्लॉक नाही सुटला. मग वाफ नव्हे, नुसता ओलावा: झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर तिकीट, दर वीस मिनिटांनी बघायचं. तीन तासांनी ब्लॉक अलगद निघाला. चित्राला धक्का नाही. मागे डिंक चमकदार, ओघळलेला, ग्लासिनचे रेषेसारखे ठसे असलेला. विक्रीच्या यादीत ‘डिंक बिघडलेला’ हे दोन शब्द लागले की संपलं. समोरून बघणाऱ्याला काही कळणार नाही, आणि तिकीट संग्राहक मागूनच बघतो.

तेव्हाचा मी आज समोर असता तर म्हणाला असता, “ब्लॉक निदान हातात आहे ना? आगीत गेला असता तर राखही मिळाली नसती.” याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. ओल दरवर्षी येते, तारीख सांगून येते आणि थोडंथोडं खाते. आग बहुतेक घरांत कधीच येत नाही. आली तर सगळं नेते. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २९ एप्रिल १९८६ला आग लागली तेव्हा सुमारे चार लाख पुस्तकं गेली आणि त्याहून कितीतरी जास्त पाण्याने, धुराने खराब झाली; भिजलेली गोठवून ठेवावी लागली. म्हणजे आगीतही शेवटी ओलच आडवी येते. पण जी चार लाख गेली ती गेलीच.

तर सध्या मी काय करतो ते सांगतो. हेच बरोबर, असं नाही. डबे भरण्याचा मुहूर्त पावसात नसतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी हवा ४० टक्क्यांपर्यंत उतरते, मुंबईत ५०-५५. तेव्हा स्टॉकबुकं आठ-दहा दिवस उभी, पानं थोडी फाकवून, पंख्याच्या थेट झोताबाहेर ठेवायची. कागद आपोआप पाणी सोडतो. एप्रिल-मेच्या पुण्याच्या दुपारी हा उद्योग करू नका. आर्द्रता वीसपर्यंत उतरते, डिंक आकसतो आणि तिकीट नळीसारखं वळतं. ४५ ते ५० हवंय, पापड नकोय.

मग झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला स्टीलचा डबा. त्यात घनमीटरला २० किलो या संग्रहालयांच्या अंदाजाने सिलिका जेल, म्हणजे चाळीस लिटरला ८०० ग्रॅम. होय, पाऊण किलोवर! पुड्या नव्हेत, सुती पिशवीत. पूर्ण भाजलेलं कोरडं जेल थेट घालू नका, ते कागदाला आणखी सुकवतं. त्याच हिवाळी खोलीत दोन-तीन आठवडे पसरून ठेवलेलं घाला, म्हणजे ते त्या आर्द्रतेला धरून ठेवतं. दर्शक म्हणून नारिंगी रंगाचे थोडे दाणे चालतील, निळे नकोत; त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. तिकिटाला जेल टेकता कामा नये. पुस्तकं उभी, पण दाटीवाटीने नाही.

आणि मापक तपासा. स्वस्तातलं डिजिटल यंत्र पाच टक्के इकडे-तिकडे सहज दाखवतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

कपाट बाहेरच्या भिंतीला, त्यातही नैऋत्येच्या, टेकवू नका. चार इंच जागा सोडा. जमिनीपासून किमान सहा इंच वर. डांबरगोळ्या कशाला? त्या ओल शोषत नाहीत, वाफेने काही प्लास्टिक मऊ करतात. कडुनिंबाचा ताजा पाला म्हणजे तर घरात आणलेलं पाणी. वेखंड कसरीसाठी वापरायचं असेल तर पूर्ण सुकलेलं, कापडात, कागदापासून लांब. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं सुती रुमालात बांधलेली असतात, ते का, याचा विचार करा. कापड श्वास घेतं. घट्ट डबा घेत नाही, म्हणून त्याला वर्षातून एकदा उघडण्याची शिस्त लागते, आणि ती बहुतेकांना नसते. तशांनी रुमालच वापरावा.

डीह्युमिडिफायर घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तो पावसाळाभर चोवीस तास चालणारं विजेचं यंत्र आहे, हे विसरू नका. एक्सटेन्शन बोर्डावर लावलात तर ओलीवरच्या उपायानेच आग लागायची. भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा. कपाटावर देवघर असेल तर दोघांपैकी एकाची जागा बदला. कुणाची, ते घरात ठरवा, मला त्यात ओढू नका. अग्निशामकात एबीसी पावडर आग चांगली विझवते, पण ती कागदावर बसली की सौम्य आम्लासारखी वागते. सीओटू काही मागे ठेवत नाही, पण कागदाच्या गठ्ठ्यात धुमसणाऱ्या आगीवर तो तोकडा पडतो. मी दारापाशी सीओटू आणि स्वयंपाकघराकडे पावडर ठेवतो. आग विझल्यावर तिजोरी लगेच उघडू नका. आत कागद तापलेला असतो, हवा मिळाली की भडकतो. पूर्ण गार होऊ द्या, एखादा दिवस गेला तरी चालेल.

बँक लॉकर? तळघरात असेल तर नको. शिवाय बँक आतल्या वस्तूंचा विमा उतरवत नाही. जानेवारी २०२२पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपुरती, आणि नैसर्गिक आपत्तीत, तिचा हलगर्जीपणा नसेल तर, काहीच नाही. घराच्या विम्यातही पॉलिसी वाचा: नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत तिकिटं, नाणी, हस्तलिखितं वेगळी नमूद केल्याशिवाय धरत नाहीत. नमूद करायची तर यादी लागते, म्हणून दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआयचं स्कॅन, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी.

मग तिजोरी घेऊ की नको? वापरलेली तिकिटं, कव्हरं (टपालाने आलेली पाकिटं), पत्रं, प्रमाणपत्रं, मायलरमध्ये आणि रिंगच्या डब्यात घालून क्लास ३५०मध्ये ठेवा, हे मी आता बिनधास्त सांगतो. मिंटचं जमत नाही. तिच्यासाठी खरा दर्जा क्लास १२५, जो आतलं तापमान ५२ अंशांच्या आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत ठेवतो. तो संगणकाच्या डिस्कसाठी बनवलेला आहे. तिजोरी जड, महाग, आणि आत जागा वीतभर. एवढ्यासाठी एवढी? गेल्या वर्षी नाही म्हटलं. यंदा माप घेऊन आलोय, दारातून जाते का बघायला.

तो बिघडलेल्या डिंकाचा ब्लॉक मात्र साध्या कपाटात आहे, रुमालात. त्याला आता कशाचीच भीती नाही म्हणून नव्हे, आगीची आहेच.