हलके केले, म्हणजे काय काढलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. शाळा-कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न येतो आणि स्पर्धांच्या तारखा लागल्या की पुन्हा येतो. "ताई, आमचा मुलगा बास्केटबॉलमध्ये गार्ड खेळतो. सगळ्यात हलके शूज कोणते घेऊ?" विचारणारे कधी आई-बाबा असतात, कधी कॉलेजची पोरं, तर कधी ऑफिस सुटल्यावर कोर्टवर येणारी, कमरेचा घेर वाढलेली मंडळी. 'गार्ड' म्हटलं की 'हलके' पाठोपाठ येतंच.

ते का येतं ते मला कळतं, कारण मीही पॉइंट गार्ड म्हणूनच खेळले. चेंडू पुढे न्यायचा, हूल द्यायची, थांबायचं, पुन्हा सुटायचं. मग परत येऊन समोरच्या गार्डपुढे खाली बसून बाजूला सरकत राहायचं. एवढं सगळं करताना पायात ओझं कोणाला हवं? पण शूज आपोआप हलके होत नाहीत. त्यातून कोणीतरी काहीतरी काढलेलं असतं. काय काढलं आणि कुठून काढलं, हे आधी बघा. वजनाचा आकडा शेवटी.

आधी वजनाचंच बोलू, म्हणजे ते डोक्यातून जाईल. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल खेळणाऱ्यांना तीन वजनांचे शूज घालायला दिले. सगळ्यात हलका बूट साधारण ३५० ग्रॅमचा होता आणि सगळ्यात जड जवळपास ६४० ग्रॅमचा. एका गटाला वजनं माहीत होती, दुसऱ्यापासून लपवली होती. ज्यांना माहीत होतं ते हलक्या शूजमध्ये दोनेक टक्के जास्त उंच उडाले आणि बाजूला सरकून दिशा बदलण्यातही साधारण तेवढेच चपळ ठरले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यात मात्र फरक दिसला नाही. एका पायाला पाव किलोहून जास्त फरक असूनही! दुकानात आपण ज्या दोन मॉडेलांमध्ये अडकतो त्यांच्यात फरक असतो तीस-चाळीस ग्रॅमचा.

यावरून मी वजनाला थोतांड म्हणणार नाही. पळण्यावरच्या अभ्यासांत प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढले की ऑक्सिजनचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो असं दिसलं आहे, आणि चाळीस मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरला पाय बोलायला लागतात हे कोणा खेळाडूला सांगायला नको. शिवाय "आज पायात काहीच नाही असं वाटतंय" म्हणणारी मुलगी जास्त धीटपणे आत घुसते, हेही खरं. मनाच्या दोन टक्क्यांनाही किंमत असते. फक्त त्यासाठी बाकीचं किती सोडायचं, एवढाच प्रश्न.

आणि तो आकडा असतो तरी कोणाचा? कंपनीने सांगितलेलं वजन एका बुटाचं आणि बहुधा अमेरिकी ९ नंबरचं असतं. तुमच्या सहा फुटी मुलाचा नंबर मोठा असेल तर तो आकडा त्याच्या पायाचा नाहीच. इथे आणखी एक गोंधळ आहे. आपल्याकडे यूके नंबर चालतो. अमेरिकी ९ म्हणजे नायकेत पुरुषांचा यूके ८, पण आदिदासमध्ये यूके साडेआठ. दोन्हीकडे "मी आठ नंबर घालतो" म्हणून घेतलेत तर एक जोडी बरोबर बसेल आणि दुसरी बोटांना टोचेल. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतात, ते जुळवा.

आता काय काय काढतात ते.

सगळ्यात आधी दिसते ती कॉलर, घोट्याभोवतीचा उंच भाग. २००८च्या अखेरीस एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला स्टार गार्ड कोबी ब्रायंट याचे चौथे नायके शूज आले तेव्हा खळबळ झाली होती ती यावरूनच. कोबीचं बालपण इटलीत गेलेलं, फुटबॉल बघत वाढलेला. फुटबॉलपटू घोटा उघडा ठेवून त्याहून कठीण वळणं घेतात, मग आपल्यालाच उंच बूट कशाला, असं त्याचं म्हणणं. डिझायनर एरिक एव्हार यांनी कॉलर खाली आणली आणि बूट सुमारे ३३० ग्रॅमवर आला. आज एनबीएत गार्डच काय, धिप्पाड खेळाडूही लो-कट घालतात.

पालकांचा जीव मात्र अजून त्या कॉलरमध्येच अडकलेला असतो. "घोटा झाकलेला हवा, नाहीतर पाय मुरगळेल." त्यांना मी दोन अभ्यास सांगते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॉलेजच्या ६२२ खेळाडूंना उंच, हवेचे कप्पे असलेले उंच आणि लो-कट असे शूज वाटून दिले होते. घोट्याच्या दुखापतींचा बुटाच्या उंचीशी ठोस संबंध आढळला नाही. दुखापती एकूणच थोड्या झाल्या, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हे. दुसरा अभ्यास २०११चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. शाळकरी वयाच्या १,४६० खेळाडूंपैकी ज्यांनी लेस बांधायचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याचा आधारपट्टा घातला, त्यांच्या घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश होत्या. एनबीएतला गार्ड स्टीफन करी याचंच बघा. घोट्यापायी २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुढे तो ब्रेस घालून खेळत राहिला. तेव्हा आधी पाय मुरगळलेला असेल तर उंच बुटासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ब्रेस घ्या, आणि एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव करा. तो तर फुकट आहे. कॉलर काढली म्हणून मी कुठल्याच शूजना नाकारत नाही.

रबर काढलं असेल तर मात्र मी थांबते, आणि इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपली अडचण नेमकी इथेच आहे. हलके शूज लाकडी कोर्टसाठी, एसी हॉलसाठी बनतात. रबर जड असतं, म्हणून तळाचं रबर पातळ करायचं, मऊ ठेवायचं, मधूनमधून कापून खालचा फोम उघडा सोडायचा. अंडर आर्मरने २०२०च्या अखेरीस करीच्या आठव्या शूजमध्ये तर बाहेरचं रबर पूर्णच काढलं. खालचा फोमच जमिनीला धरतो. स्वच्छ लाकडावर ती पकड इतकी जबरदस्त आहे की थांबताना पाय एक इंचही पुढे जात नाही. कल्पना म्हणून मला ती फारच आवडते. पण नागपाड्यापासून नागपूरपर्यंत आपली बहुतेक पोरं उघड्यावर, सिमेंटवर खेळतात. सिमेंट म्हणजे काचकागदच. गार्ड सगळ्यात जास्त थांबतो आणि वळतो, त्यामुळे सगळ्यात आधी झिजतो तो त्याच्या चवड्याखालचा आणि अंगठ्याच्या बाजूचा भाग. सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचे शूज वर्षभर टिकतात त्याच कोर्टवर गार्डचे एका हंगामात गुळगुळीत होतात. आईला वाटतं पोरगा पाय घासत चालतो. तो चालत नाही हो, डिफेन्स खेळतो.

म्हणून बूट उलटा करा. अंगठ्याचं नख रबरात दाबा. सहज रुतलं तर रबर मऊ आहे, लाकडासाठी उत्तम, सिमेंटसाठी नाही. नक्षीच्या खाचा किती खोल आहेत ते बघा. मला माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. ती सगळ्या दिशांना धरते आणि धूळ खाचांतून बाहेर पडते. बारीक ठिपक्यांच्या किंवा गोष्टी सांगणाऱ्या नक्षीत, म्हणजे खेळाडूच्या मुलीचं नाव, जन्मगावाचा नकाशा वगैरे, धूळ बसली की बसलीच. नायकेच्या काही मॉडेलांवर 'एक्सडीआर' अशी खूण असते, म्हणजे जास्त टिकाऊ रबर. थोडं वजन वाढतं. वाढू दे.

तिसरी गोष्ट वरचं कापड. चामडं गेलं, शिवणी गेल्या, जाळी आली आणि तिच्यावर चिकटवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म. २०११ मध्ये आदिदासने 'क्रेझी लाइट' आणला तो असाच. बूट ९.८ औंस, म्हणजे २८० ग्रॅमच्याही आत. पातळ असणं हा दोष नाही, ताणलं जाणं हा दोष. क्रॉसओव्हर मारून, म्हणजे चेंडू एका हातातून दुसऱ्यात टाकून, तुम्ही उजवीकडून डावीकडे जाता तेव्हा बूट जमिनीवर थांबतो आणि पाय त्याच्या आत पुढे सरकू बघतो. करंगळी सोलच्या कडेवर चढली की ती चाल मेली, आणि पायही धोक्यात. म्हणून चांगल्या गार्ड-शूजमध्ये करंगळीच्या बाजूला सोल थोडा बाहेर काढलेला असतो आणि त्याची कड पायाला कवेत घेत वर आलेली असते. हे दोन्ही नसेल तर बूट पिसासारखा असला तरी ठेवून द्या.

इथेच खेळाडूच्या वजनाचाही विचार हवा. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा मुरगळला, ते दृश्य जगभर फिरलं. तो गार्ड नव्हता, आणि वजन सव्वाशे किलोच्या वर. पण आपल्याकडेही नव्वद किलोचे गार्ड आहेतच, विशेषतः ऑफिसनंतर येणाऱ्यांत. तुम्ही गार्ड आहात हे तुमच्या जागेवरून ठरतं, पायावर पडणारा भार वजनकाट्यावरून. साठ किलोच्या चपळ पोरासाठी पातळ केलेला फोम तुमच्याखाली चेपून सपाट होईल आणि दुसऱ्या दिवशी टाच सांगेल.

जाता जाता 'फर्स्ट कॉपी'बद्दल. कोबीच्या शूजची नक्कल तर गल्लोगल्ली मिळते. मी हातात घेतलेल्या काही जोड्या खरोखरच हलक्या होत्या. असणारच. चवड्याखालची हवेची पिशवी नाही, मधली कडक पट्टी नाही, टाचेची वाटी पुठ्ठ्यासारखी. सगळंच काढलेलं! तसंच, अर्ध्या किमतीत मिळणारा सात-आठ वर्षं डब्यात पडून राहिलेला अस्सल जोडही जपून घ्या. आपल्या दमट हवेत पीयू (पॉलियुरेथेन) फोम आतून कुजतो, डिंक सुकतो, आणि नवीकोरी दिसणारी जोडी कोर्टवर सोल सोडते.

दुकानात मी काय करायला सांगते? संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. खेळायचेच मोजे न्या. बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. तळव्याच्या मधोमध घडी पडली तर नको. टाचेची वाटी बाहेरून दाबा, ती दबता कामा नये. मग दोन्ही शूज घालून लेस सामन्यासारख्या ओढून बांधा, डिफेन्सच्या पवित्र्यात खाली बसा आणि बाजूला सरकून एकदम थांबा. विक्रेता बघत राहील, बघू दे. टाच वर उचलली जाते का, बोटं पुढे आपटतात का, चवडा आवळला जातो का, हे त्या चार पावलांत कळतं. आपल्यातल्या पुष्कळांचे चवडे रुंद असतात, आणि हलक्या शूजचं घट्ट कापड ते सैल करून देत नाही. "वापरून सैल होतील" हे चामड्याच्या काळातलं वाक्य आहे.

मुलींच्या आया विचारतात, मुलींसाठी वेगळे असतात का? आता सब्रिना आयनेस्कूच्या नावाचे नायके शूज आहेत. ती अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधल्या न्यूयॉर्क लिबर्टी संघाची गार्ड. २०२३ मध्ये आलेलं त्यांचं पहिलं मॉडेल मुलगे-मुली दोघांसाठी निघालं आणि एनबीएतल्या पुरुषांनीही घातलं. लहान नंबर मिळतात, ही आपल्या पोरींसाठी मोठीच सोय. खाली रबर किती आहे ते मात्र त्यातही तसंच तपासा.

दोन जोड्या परवडत असतील तर निवड सोपी आहे. रोजच्या सिमेंटवरच्या सरावाला जाड रबराचे, थोडे जड, स्वस्तातले. इनडोअर स्पर्धेला हलके. ते घरून पिशवीतून न्यायचे आणि हॉलमध्येच घालायचे, रस्त्यावर नाही. एकच जोडी घ्यायची असेल तर सिमेंटची घ्या आणि स्पर्धेच्या दिवशी ओल्या फडक्याने तळ पुसून लाकडावर उतरा. आणि चवड्याखालच्या खाचा बोटाला लागेनाशा झाल्या की ती जोडी, वरून कितीही नवी दिसली तरी, कॉलेजला जाण्यापुरती ठेवा.